हवामान बदल घरात कसा समजावून सांगावा आणि घराने काय करावे: लातूरच्या एका ताईंना उत्तर

लातूरहून एका ताईंनी विचारले आहे की, त्यांची मुलगी चौथीत आणि मुलगा नववीत आहे. शाळेत वसुंधरा दिनाची चित्रे रंगवून आलेली मुलगी रात्री झोपताना ‘पृथ्वी जळून जाणार का’ असे विचारते. सासूबाईंचे म्हणणे असे की दुष्काळ, गारपीट या काही आजच्या गोष्टी नाहीत. यजमान म्हणतात, एवढ्या मोठ्या जगात आपल्या एका घराने दिवे मालवून काय होणार? शहरात स्वतःचे घर आणि औसा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू जमीन असलेल्या या कुटुंबाने नेमके काय समजून घ्यावे आणि काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे. माझी सारी नोकरी मराठवाड्यात पाणलोट आणि कोरडवाहू शेतीच्या कामात गेली, त्यामुळे उत्तर इथल्याच पाण्याच्या आणि जमिनीच्या आधाराने देतो.

ताई, सुरुवात सासूबाईंपासून करू या, कारण त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. त्यांना 1972 चा दुष्काळ विचारा. त्या वर्षी खायला धान्य नव्हते, लोक खडी फोडायला आणि तलावाच्या कामांवर गेले, आणि त्याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. पण त्या काळातली पुष्कळ माणसे आजही सांगतात की अनेक गावांत विहिरींना प्यायचे पाणी टिकून होते. त्यानंतर मुलांना 2016 सांगा. त्या एप्रिलमध्ये लातूरच्या दुकानांत धान्याची कमतरता नव्हती, पण पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. 12 एप्रिलला आलेल्या पहिल्या जलदूत गाडीच्या दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर पाणी होते. दोन्ही वर्षांना आपण दुष्काळच म्हणतो, परंतु दुसऱ्या दुष्काळात 2014 आणि 2015 असे सलग दोन पावसाळे फसले होते, 2015 मध्ये प्रशांत महासागरात तीव्र एल निनो (समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती, जिने आपला पाऊस अनेकदा कमी होतो) होता, आणि या सगळ्याच्या जोडीला शेकडो फूट खोल गेलेले बोअर, मांजरा धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि काळ्या बेसॉल्ट खडकाची मुळातच कमी असलेली पाणी धरण्याची क्षमता ही कारणेही होती. हे मी मुद्दाम सांगतो. हवामान बदलाचे नाव घेऊन आपल्या नियोजनातील उणिवा झाकण्याची सवय अलीकडे लागली आहे, आणि मुलांना तरी ती लागू नये असे मला वाटते.

मग खरोखर बदलले काय? मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी साधारण 680 मिलिमीटर पाऊस पडतो. बदल या बेरजेत पटकन दिसत नाही. पाऊस कसा पडतो, यात तो दिसतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस लांबला तर खंड मोठा पडतो आणि आला तर एकाच दिवशी कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे दाखवले आहे. ज्या धाराशिव, बीड आणि लातूरला आपण टँकरचे जिल्हे म्हणून ओळखत आलो, तिथेच 2025 च्या सप्टेंबरमध्ये नद्या शिवारांत शिरल्या आणि उभ्या सोयाबीनसह मातीही वाहून गेली. सासूबाईंना 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीटही आठवत असेल. अशा एकाच घटनेकडे बोट दाखवून ‘हा हवामान बदल’ असे म्हणता येत नाही. अनेक वर्षांची नोंद शेजारी शेजारी ठेवली म्हणजे कल दिसतो.

आता मुलीचा प्रश्न. तिला स्पष्ट सांगा की पृथ्वी जळून जाणार नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेतील काही वायू गोधडीसारखे काम करतात. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे 18 अंश राहिले असते, ते आहेत म्हणून ते 15 अंशांच्या आसपास आहे. ही गोधडी आपण कोळसा, डिझेल आणि पेट्रोल जाळून जाड करत चाललो आहोत. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 280 भाग होते, 1958 मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते 315 च्या आसपास होते आणि आता त्यांनी 420 ची पातळी ओलांडली आहे. 2024 हे मोजणीच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्या वर्षीचे जगाचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. चौथीतल्या मुलीला एवढे आकडे नकोत. तिला गोधडी पुरते. नववीतल्या मुलाला मात्र आकडे द्यावेत, कारण त्या वयात नुसत्या घोषणांचा कंटाळा येतो आणि तो येणे योग्यही आहे.

शाळेच्या चित्रांमधून होणारे दोन गोंधळ घरी सोडवावे लागतील. ओझोनच्या थराचे छिद्र आणि तापमानवाढ या वेगळ्या गोष्टी आहेत. ओझोनला इजा करणारी रसायने 1987 च्या माँट्रियल कराराने बंद होत गेली आणि तो थर हळूहळू भरून येत आहे, ही तर मुलांना आवर्जून सांगावी अशी चांगली बातमी आहे. दुसरे, प्लास्टिकच्या पिशव्या हा कचऱ्याचा, नाल्या तुंबण्याचा आणि गाईंच्या पोटाचा गंभीर प्रश्न आहे, पण कापडी पिशवी वापरल्याने पावसाचा खंड कमी होत नाही. पिशवी जरूर वापरावी, फक्त तिच्यावर सगळ्या जगाचा भार टाकू नये. गल्लीत कचऱ्याबरोबर प्लास्टिक जाळले जात असेल तर ते मात्र आधी थांबवा, कारण तो धूर मुलांच्या फुप्फुसात जातो.

मुलाला एक जवळचे उदाहरण देता येईल. परळीचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते, पण कोळशाइतकीच त्याला पाण्याची गरज असते; 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले. ज्या इंधनाच्या धुराने हवामान बिघडते, त्याच इंधनावरचे केंद्र दुष्काळाने बंद पडते. पुस्तकातले प्रकरण न वाचताही त्याला या एका उदाहरणातून वीज, कोळसा आणि पाणी यांचे नाते कळेल.

हे झाले समजण्याचे. करण्याच्या कामांत माझ्या मते पहिले काम पाऊस मोजण्याचे आहे, आणि ते मुलीकडे द्यावे. सरळ भिंतींची दोन लिटरची बाटली घ्या. जिथून ती गळ्याकडे निमुळती होऊ लागते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून त्यात खडे टाका, सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि त्या पाण्याच्या पातळीशी शून्य जुळेल अशी मिलिमीटरची पट्टी बाहेरून चिकटवा. तोंड आणि पोट एकाच रुंदीचे असल्यामुळे पट्टीवर जितके मिलिमीटर पाणी चढेल तितका पाऊस, दुसरे गणित लागत नाही. बाटली विटांच्या चौकटीत घट्ट, उघड्यावर आणि भिंतीपासून भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा, रोज सकाळी साडेआठला वाचा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवा. हवामान खातेही सकाळी साडेआठलाच मोजते, म्हणून तुमची नोंद त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

अडीच मिलिमीटर किंवा अधिक पडला तर तो पावसाचा दिवस, आणि चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी. याच 65 च्या आकड्यावर महसूल मंडळांतील नुकसानीचे पंचनामे सुरू होतात, हे तुमच्या यजमानांना ठाऊक असेलच. मुलीला महिन्याच्या शेवटी दोनच गोष्टी काढायला सांगा: पावसाचे दिवस किती आणि दोन पावसांच्या मधला सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा. चार-पाच वर्षांची अशी वही जमली की हवामान बदलावर तिला व्याख्यानाची गरज राहणार नाही.

अशीच दुसरी बाटली शेतावर ठेवा आणि गावातल्या भाऊबंदांपैकी कोणावर तरी ती वाचायची जबाबदारी टाका, कारण आपल्याकडे एका शिवारात पाऊस धो धो पडतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर वर्षी सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. तरी दर वर्षी जूनच्या पहिल्या सरीनंतर, शेजाऱ्याची तिफण किंवा ट्रॅक्टर शेतात उतरलेला पाहून, अनेकजण पेरतात आणि मग खंड पडला की दुबार पेरणीसाठी बियाणे उधारीवर आणतात. शेतावरच्या बाटलीत चाळीस मिलिमीटरच भरले आहेत हे डोळ्यांना दिसत असेल तर थांबणे थोडे सोपे जाते.

मुलाला यापुढचा हिशोब करायला लावा. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. तुमच्या पाच एकरांवर 65 मिलिमीटरच्या एका दिवसात 13 लाख लिटर पाणी पडते, म्हणजे मिरजेहून आलेल्या पहिल्या जलदूत गाडीच्या अडीचपटींहून अधिक. त्यातले किती बांधाबाहेर जाते आणि किती काळ्या मातीत मुरते, हा खरा प्रश्न आहे. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी पद्धतीने म्हणजे आपण बीबीएफ म्हणतो त्या यंत्राने सोयाबीन, ठरावीक ओळींनंतर एक मृत सरी (पेरणी न करता पाण्यासाठी मोकळी ठेवलेली) आणि सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक, एवढे केले तरी खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत सरीतून जादा पाणी निघून जाते. खंड आणि अतिवृष्टी या दोन्हींवर एकाच वेळी चालणारे उपाय कोरडवाहू शेतीत फार थोडे आहेत, म्हणून बीबीएफविषयी मी आग्रही आहे. तुरीत बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन 711 सारखा लवकर येणारा वाण घेतला तर पाऊस लवकर आटोपला तरी शेंगा भरतात. काडीकचरा, पाचट किंवा धसकटे पेटवू नका. बांधावर ग्लिरिसिडियाची झाडे लावून त्याचा पाला शेतात टाकत गेलात तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो, आणि तो वाढला की जमीन पाणी अधिक धरते. युरियाचे पोते स्वस्त मिळते म्हणून ढिलेपणाने टाकले जाते, पण जादा नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ करतो. सोयाबीन आपले बरेचसे नत्र स्वतःच हवेतून मिळवते. त्याला युरिया मारणे म्हणजे दुहेरी नुकसान.

थोडी रब्बी ज्वारी ठेवता आली तर ठेवा. आपल्याकडे सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा घेतली, त्याबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर दावणीची जनावरे गेली. जमिनीतल्या मुरलेल्या ओलीवर येणारे, माणसाला भाकरी आणि जनावराला वैरण देणारे हे पीक दुष्काळी वर्षात घर सांभाळते. मुलांना हे सांगायला वेळ अमावस्येचा दिवस उत्तम. तुमच्याकडे त्या दिवशी सगळे कुटुंब शेतात असतेच, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलाचे जेवण होते. त्या कोपीला लागणारा कडबा आपल्या शेतातून आला की विकत आणावा लागला, एवढे मुलांना विचारले तरी शेतात काय बदलले ते आजी पुढे सांगू लागतील.

शहरातल्या घरी पाण्याचे काम आधी करा. लातूरसारख्या गावात नळ आठवड्याने-दहा दिवसांनी येतो, तेव्हा पहाटे मोटारींचा आवाज सुरू होतो आणि घरोघरी एक गोष्ट घडते: टाकीतले, पिपातले आणि हंड्यातले जुने पाणी ‘शिळे’ म्हणून नालीत ओतून दिले जाते आणि नवे भरले जाते. झाकून ठेवलेले पाणी चार-सहा दिवसांत वापराला वाईट होत नाही. शंका असेल तर पिण्यापुरते उकळा, उरलेले फरशी पुसायला, शौचालयाला आणि झाडांना ठेवा, पण ओतू नका. पाण्याची भांडी फडक्याने बांधून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. घरात आरओ असेल तर त्याची बाहेर जाणारी नळी बादलीत सोडा; एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी त्या नळीतून जाते, आणि ते भांड्यांच्या पहिल्या धुण्याला सहज चालते. कूलरमध्ये मात्र ते घालू नये असे मी सांगतो, त्यातल्या क्षारांनी जाळ्या लवकर बुजतात.

तुमच्या घराचे छत हजार चौरस फुटांचे धरले तर 680 मिलिमीटरच्या पावसात त्यावरून, गळती-बाष्प वजा जाता, सुमारे पन्नास हजार लिटर पाणी मिळते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी छत धुण्यासाठी सोडून द्यावे आणि नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत किंवा बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात घ्यावे. गाळण न लावता छताचा पाइप थेट बोअरमध्ये सोडलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो प्रकार करू नका, गाळ जाऊन बोअर कायमचा बुजतो आणि घाण सरळ भूजलात उतरते. गावच्या घरी सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही हटवले, आणि ते काम रोजगार हमीतूनही करता येते.

आता यजमानांच्या शंकेकडे येतो, कारण तिला हिशोबानेच उत्तर दिले पाहिजे. महिन्याला 120 युनिट वीज, एक गॅस सिलिंडर आणि मोटारसायकलला वीस लिटर पेट्रोल असे धरू. आपल्याकडची वीज बहुतांशी कोळशाची असल्याने एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 84 किलो; 14.2 किलोच्या सिलिंडरमागे साधारण 42 किलो; पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 प्रमाणे 46 किलो. वर्षाची बेरीज पाच जणांत मिळून दोन टनांच्या आसपास जाते. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी साधारण 4.7 टन आहे आणि अमेरिकेत एका माणसामागे सुमारे 14 टन. सरासरीच्या या आकड्यांत कारखाने, रस्ते, सिमेंट असे सगळे येते आणि तुमच्या दोन टनांत ते नाही, हे लक्षात घेऊनही एवढे नक्की म्हणता येते की हे संकट तुमच्या घराने आणलेले नाही. यजमानांचा मुद्दा इथपर्यंत बरोबर आहे. म्हणून मुलांवर अपराधाचे ओझे टाकू नका, आणि ‘अर्थ अवर’ म्हणून एक तास दिवे मालवण्याचे कौतुकही फार नको.

तरीही खर्च आणि धूर दोन्ही वाचतील अशा दोन-तीन जागा घरात आहेतच. जुना छताचा पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाचे आठ महिने चालणाऱ्या एका पंख्यामागे साधारण 130 युनिट वाचतात, म्हणजे तुमच्या घराचे एका महिन्याचे बिल. आधी पंखे बदलावेत, मग छतावरच्या सौर पॅनलचा विचार करावा. एक किलोवॉटचा संच दिवसाला सुमारे चार युनिट देतो, म्हणजे तुमचे 120 युनिट त्यात भागतात, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30 हजार रुपये अनुदान आहे. गरजेपेक्षा मोठा संच बसवून देण्याचा आग्रह विक्रेते धरतात. वर्षभराची बारा बिले समोर ठेवूनच आकार ठरवा. आणि घर वाढवण्याचा बेत असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या: सिमेंटच्या एका गोणीमागे साधारण 30 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे चारशे गोण्यांच्या बांधकामात तुमच्या घराची सहा वर्षे निघून जातात. गावचा जुना वाडा भक्कम असेल तर तो पाडून स्लॅब टाकण्याआधी दहादा विचार करा. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या, जाड छताखाली मे महिन्यात झोप लागते. स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली ती लागत नाही. शहरातल्या स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारले तर आतल्या उकाड्यात दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि चुना काही महाग नाही.

उकाड्याविषयी सासूबाईंसाठी वेगळे सांगतो. वयस्कर माणसाला तहान कमी लागते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ताक, आंबिल, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे देत राहावे. अंग तापले आहे, घाम थांबला आहे आणि बोलणे असंबद्ध झाले आहे असे दिसले तर तो उष्माघात समजून अंगावर ओले फडके ठेवत थेट दवाखाना गाठावा. दुसरा धोका विजांचा. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात शेतात वीज पडून दर वर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये दामिनी अॅप ठेवा. ते आसपासच्या विजांची सूचना देते. ढग गडगडू लागले की लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात जायचे, आणि तेवढा वेळ नसेल तर उघड्या रानात दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे पडायचे नाही. हे मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्या.

झाडे लावा, पण मोजकी. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एका टक्क्याहूनही कमी आहे, तेव्हा झाडांची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही. अडचण रोप जगवण्याची आहे. पावसाळ्यात फोटोसाठी लावलेली शंभर रोपे एप्रिलमध्ये वाळून जातात. त्यापेक्षा बांधावर लिंब, चिंच, करंज, सीताफळ अशी पाच झाडे, शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण घालून, बुडाला बारीक भोक पाडून वात बसवलेले मडके शेजारी पुरून, तीन उन्हाळे जगवावीत. कोळशाच्या धुराची भरपाई या पाच झाडांनी होत नाही. सावली, पाला, पाखरे आणि बांधाची माती एवढ्यासाठी ती लावायची.

कुटुंबाच्या पलीकडे जायचे असेल तर वाट ग्रामसभेतून जाते. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने केली आणि कोरडवाहू गाव द्राक्षांचे गाव झाले; एकेकट्या शेतकऱ्याला ते जमले नसते. त्या भागाकडून धडाही घ्यावा: प्लास्टिकच्या कागदाचे शेततळे बोअरच्या पाण्याने भरून ठेवणे म्हणजे सगळ्यांचे भूजल एकाने उन्हात वाळत घालणे आहे, आणि असली तळी आता सगळीकडे वाढत आहेत. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरते. त्यांतली ऑक्टोबरची सभा पाण्याच्या ताळेबंदासाठी सर्वांत उपयोगाची, कारण पाऊस सरत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी व्हायची असते. सप्टेंबरच्या मध्यालाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन ‘गावातील उपलब्ध पाणी आणि रब्बीचे नियोजन’ हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा, पोच घ्या, आणि अर्जासोबत शेतावरच्या बाटलीच्या नोंदी व दोरीने मोजलेली तुमच्या विहिरीतल्या पाण्याची खोली जोडा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजलीत तर पुढच्या वर्षी दोन्ही आकडे सभेत शेजारी ठेवता येतील, आणि किती एकर गहू किंवा ऊस त्या पाण्यात बसतो ही चर्चा अंदाजावर न होता मापावर होईल.